झुलेखाची वाक्यं

झुलेखा परकार कविता वाचायला लागली की शेजारच्या वर्गातली माझी पोरं फळ्याकडे बघायचं सोडून भिंतीला कान लावायची. भोसरीतली आमची महापालिकेची शाळा. पोरं कंपन्यांत कामाला आलेल्यांची. कुणी परभणीचं, कुणी बीडचं, प्रत्येकाची बोली वेगळी. झुलेखा कोकणातली, म्हसळ्याची. तिचे वडील हसनमियाँ तिकडच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. घरात कुणी जोडाक्षर चुकीचं म्हटलं तर जेवताना घास थांबवून दुरुस्त करायचे म्हणे.

नवाब मुलाणी तिला शाळेतच भेटला. चाकणजवळच्या खेड्यातला, आयटीआय केलेला. काही वर्षं कंपनीत लाइनवर काम करून त्यानं भोसरीत संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आमच्या शाळेचे संगणक व्हायरसनं बंद पाडले, तेव्हा त्यानं ते पुसून त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. ते कुणालाही फुकट वापरता येतं, आतून उघडून बदलता येतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही धावतं, असं त्यानं हेडमास्तरांना समजावलं. पण त्यावर मराठी नीट उमटेना. झुलेखानं त्याला दुकानातून बोलावून घेतलं.

"हे बघा, 'ऱ्हास' असा लिहितात का?"

"बाई, यंत्राला काय कळतंय त्यातलं?"

"यंत्राला नाही कळत. तुम्हाला कळायला हवं."

तो घरी जाऊन वेगवेगळे फॉन्ट घालून बघत बसला. जमलं तेव्हा पानभर जोडाक्षरं छापून घेऊन आला आणि झुलेखानं ती लाल पेनानं तपासली. त्यांचं लग्न त्या कागदावरच ठरलं, असं आम्ही शिक्षिका तिला चिडवायचो.

हसनमियाँना मात्र ते पटलं नाही. त्यांनी कोकणातलंच शिकलेलं स्थळ बघून ठेवलं होतं. निकाहाला ते आले नाहीत. नात झाली, जिकरा, त्यानंतर मुलीशी फोनवर बोलायला लागले. पण फोन नवाबनं उचलला की पलीकडून ठेवला जायचा. नवाबनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. म्हसळ्याचा नंबर दिसला की फोन तिच्याकडे सरकवायचा आणि चपला घालून बाहेर पडायचा.

जिकरा सातवीत होती त्या वर्षी झुलेखाचे शब्द अडखळायला लागले. आधी वाटलं, घसा बसलाय. मग हातातून खडू पडायला लागला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, बुद्धी मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते. हा आजार बरा होत नाही. वर्ष सरायच्या आत तिचा आवाज गेला, आणि त्यामागोमाग हात; हलायचा तो फक्त एक अंगठा.

नवाबनं तिच्यासाठी एका जुन्या लॅपटॉपवर सगळं मांडलं. कोणती प्रणाली घालायची यावर त्यानं खूप विचार केला. विंडोज मधेच अपडेटला बसतं, आणि तेवढा वेळ ही मुकी राहणार, म्हणून ते नको. लिनक्सचीही रोज नवी होणारी आवृत्ती नको. त्यानं डेबियन नावाचं लिनक्स घेतलं, तेही जुनं, मुरलेलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी होत्या. एकेक ओळ उजळत जायची. हवी ती ओळ आली की तिनं अंगठ्याखालचं बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. बटण त्यानं एका मोडक्या माऊसमधून काढलं होतं. वाक्य पुरं झालं की ई-स्पीक नावाचा प्रोग्रॅम ते वाचून दाखवायचा. आवाज पुरुषी, पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा. 'च' आणि 'ज' तर हमखास चुकायचा.

पहिल्या दिवशी मी तिथंच होते. तिनं बराच वेळ खपून वाक्य लिहिलं आणि डबा बोलला: "योगिनी, हा अब्बांच्या वर्गात नापास झाला असता."

आम्ही हसलो. तिचं हसू फक्त डोळ्यांत उरलं होतं.

एक फरक माझ्या लक्षात आला. ती नवाबला कायम 'तुम्ही' म्हणायची, आता 'तू' म्हणायला लागली. "'तुम्ही'ला अक्षरं जास्त लागतात," तिनं सांगितलं. नवाब म्हणाला, "बरं झालं. आमच्याकडं बायका 'अवं' म्हणत्यात, त्यापरीस हे बरं हाय."

हसनमियाँचे फोन वाढले. डब्याचा आवाज ऐकून ते सुरुवातीला रडले असावेत, कारण पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला होता. नंतर त्यांनी त्याचे उच्चार दुरुस्त करायला घेतले. तो सुधारणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. नवाबची चौकशी त्यांनी तरीही केली नाही.

नवाबच्या मनानं एक गोष्ट घेतली होती. माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून त्याच्याच आवाजात बोलणारे नवे प्रोग्रॅम आलेत, असं त्यानं वाचलं. स्नेहसंमेलनात झुलेखानं केलेल्या निवेदनाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. ते त्यानं मागून घेतलं. पण तो नवा प्रोग्रॅम जुन्या डेबियनवर चालेना. आधी सगळी प्रणाली नव्या आवृत्तीवर न्यावी लागणार होती.

"राहू दे," ती म्हणाली. "हा बरा आहे."

"तुझा आवाज हाय गं तो. अब्बांना ऐकवू."

त्यावर ती काही बोलली नाही. नवाबनं तो होकार समजला. एरवी तोच सगळ्यांना सांगायचा की जे चालतंय त्याला हात लावू नका.

रविवारी दुपारी त्यानं काम काढलं. मी तिच्या सोबतीला बसले होते. जिकरा क्लासला गेली होती. नवी आवृत्ती बसली, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, अक्षरांच्या ओळी उजळायला लागल्या, बटणही चाललं. झुलेखानं वाक्य लिहिलं आणि काहीच ऐकू आलं नाही.

"आवाजाचं काहीतरी झालंय," नवाब म्हणाला. "बघतो. लगेच हुईल."

तो जमिनीवर मांडी घालून बसला. दुसरा कळफलक जोडून पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करायला लागला. मला समजेल अशा भाषेत त्यानं सांगितलं, की आवाज पोचवायचं काम आधी एक प्रोग्रॅम करायचा, नव्या आवृत्तीत दुसरा नेमलाय. जुना गेला नाही आणि नवा आलाय. दोघं एकाच दारात अडकलेत. स्पीकर बदलून पाहिला, वायर हलवून पाहिली, यंत्र बंद करून चालू केलं. तिनं लिहिलेलं पडद्यावर दिसत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं.

तेवढ्यात म्हसळ्याचा फोन आला. झुलेखाचा भाऊ रिझवान होता. नवाबनं फोन स्पीकरवर टाकला.

"नवाबभाई, अब्बांना काल रात्री अटॅक आला. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही. शुद्धीवर आहेत. तिच्याशी बोलायचंय म्हणतात. फोन त्यांच्या कानाशी धरतो."

"रिझवान, जरा दम धर. हितं यंत्राचा आवाज बंद पडलाय. अर्धा तास दे मला."

"अर्ध्या तासाचं मी काय सांगू, भाई?"

नवाब पुन्हा काळ्या खिडकीकडे वळला. त्यानं आणखी काहीतरी टाइप केलं, ते चुकलं, खोडलं. झुलेखाच्या अंगठ्याखालचं बटण वाजायला लागलं. पडद्यावर आलं: तू वाच.

"मी? मी बोललो की ठेवत्यात ते फोन."

वाच.

तो उठून तिच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. ती लिहीत होती. पलीकडून म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, घरघरणारा. वाक्य पुरं झालं तसं नवाबनं घसा साफ केला आणि शाळेत उभं केलेल्या मुलासारखा वाचायला लागला.

"अब्बा, मी झुलेखा. आवाज नवाबचा आहे. बोलणं माझं आहे."

फोन ठेवला गेला नाही. पलीकडून हसनमियाँ म्हणाले, "बोल."

ती लिहीत गेली, तो वाचत गेला. जिकराचं अक्षर तुमच्यासारखं आहे. मला दुखत नाही, घाबरू नका. तुमच्यावर माझा राग नाही. मी या घरात सुखात राहिले. हे शेवटचं नवाबनं दोन तुकड्यांत वाचलं. हसनमियाँ प्रत्येक वाक्यानंतर "हां" म्हणायचे.

मग तिनं आणखी एक वाक्य लिहायला घेतलं. अक्षरामागून अक्षर पडत होतं. ते वाक्य पुरं झालं, आणि मीही ते वाचलं.

नवाबशी एकदा बोला.

नवाबनं ते वाचलं नाही. मरणाच्या दारातल्या माणसाकडे स्वतःसाठी मागणं, तेही स्वतःच्याच तोंडानं, त्याला जमेना. झुलेखा त्याच्याकडे बघत होती.

"काय म्हणते?" हसनमियाँनी विचारलं.

"आराम करा, असं म्हणते," नवाब म्हणाला.

"बरं." थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "बरं. अल्ला हाफिज."

रिझवाननं फोन घेतला, दोन शब्द बोलला आणि ठेवला. झुलेखानं डोळे मिटून घेतले. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, तरी तिनं ते उघडले नाहीत. नवाब परत लॅपटॉपसमोर जाऊन बसला. त्याला दुसरं काही सुचत नसावं.

ऊन कलल्यावर जिकरा घरी आली. ती चपला काढत होती, तेवढ्यात नवाबला दोष सापडला. जुन्या आवृत्तीतली एक उरलेली ओळ सगळा आवाज पडद्याच्या वायरीकडे पाठवत होती, जिथं स्पीकरच नव्हता, म्हणून वाक्यं यंत्रातच अडून पडली होती. त्यानं ती ओळ काढली. यंत्रात दुपारपासून तुंबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. डबा भरभर, न थांबता बोलायला लागला: "तू वाच. वाच. अब्बा, मी झुलेखा..." एकेक वाक्य त्याच क्रमानं आलं, आणि शेवटी तेही. "नवाबशी एकदा बोला."

जिकरानं बापाकडे पाहिलं. "पप्पा, बोलले का नाना?"

नवाब उठून मोरीत गेला आणि त्यानं नळ सोडला.

हसनमियाँ त्याच संध्याकाळी गेले. झुलेखाला नेण्यासारखी अवस्था नव्हती आणि तिला सोडून नवाब जाऊ शकत नव्हता, त्यामुळे मातीला दोघंही पोचली नाहीत.

त्यानंतर बरेच दिवस ती नवाबशी बोलली नाही. जिकराशी बोलायची, माझ्याशी बोलायची. तो जेवू घालायचा, कूस बदलायचा, केस विंचरायचा, आणि यंत्र गप्प असायचं. एके दिवशी मी असतानाच तो तिच्यासमोर बसला.

"चुकलं माझं. पर मला न्हाई जमलं ते म्हणायला."

ती किती तरी वेळ लिहीत होती.

"माझं वाक्य तू खाल्लंस. तुझ्यासाठी मागितलं नव्हतं. माझ्यासाठी मागितलं होतं. मला ते ऐकायचं होतं."

नवाब तिच्या पायांशी डोकं टेकून रडला. तिला त्याच्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता. मी जाऊन तिचा हात उचलून तिथं ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

तिच्या आवाजाचा प्रोग्रॅम नवाबनं पुढं केलाच नाही. तो विषय त्यानं एकदा काढला होता, तेव्हा ती म्हणाली, "डबाच राहू दे. त्याला लाज वाटत नाही." नवाबनं जुनी आवृत्ती परत बसवली. अंगठा गेल्यावर बटण गालापाशी आलं. नंतर गालही थकला. मग ती एखाद-दुसरं अक्षरच लिहायची, 'प' म्हणजे पाणी, 'ज' म्हणजे जिकरा. नवाबसाठी ती 'न' लिहायची आणि डबा नुसताच "न" म्हणायचा. थंडी सरता सरता, सकाळी जिकरा तिला चमच्यानं चहा पाजत असताना तिचा श्वास थांबला.

वर्षश्राद्धासारखं काही त्यांच्यात नसतं. पण झुलेखाला जाऊन वर्ष झाल्यावर रिझवानचं बोलावणं आलं, की जिकराला घेऊन घरी या. नवाब जायला तयार नव्हता. जिकरानं हट्ट धरला, तेव्हा एसटीनं दोघं म्हसळ्याला गेली. हे मला पुढं जिकरानंच सांगितलं.

ओटीवर बसल्यावर रिझवान म्हणाला, "नवाबभाई, त्या दिवशी फोन ठेवल्यावर अब्बा मला म्हणाले, तिचं काहीतरी राहिलं. वाचणारा मधेच थांबला. परत लाव फोन. मी म्हटलं, उद्या लावू, आता तुम्ही दमलात."

नवाब खाली मान घालून बसला होता. त्यानं काय राहिलं होतं ते सांगितलं नाही आणि रिझवाननंही विचारलं नाही. नारळाच्या बागेत कुणीतरी झावळ्या तोडत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

आतून झुलेखाची आई आली. तिनं जिकराला जवळ घेतलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. मग पदर सावरून जावयाकडे वळली. हसनमियाँच्या हयातीत ती भोसरीला आली नव्हती, नंतर प्रवास झेपला नाही; त्याला ती पहिल्यांदाच पाहत होती.

"चहात साखर किती घालू तुमच्या?" तिनं विचारलं.

नवाबनं जिकराकडे पाहिलं. जिकरा म्हणाली, "कमी घाला नानी, पप्पांना कमीच लागते."