बंद रेडिओवरचा धडा

भुतांच्या गोष्टी छापणाऱ्या मासिकांविरुद्ध मी स्वतः पत्रक काढलेलं आहे. मथळाही माझाच— "उपाशी माणसाला भीती विकू नका!" भगत, अंगात येणं, करणी… यातलं काही मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी ही हकिगत लिहितोय, कारण ती माझ्यासमोर घडली. ती दडपली तर तोही खोटेपणाच.

तलासरीपासून आत, पायवाटेनेच जाता येईल असा वारल्यांचा पाडा. कुडाच्या भिंतींची एका खोलीची शाळा, जवळच्या कैनाड गावचे एक मास्तर. मुंबईहून शाळांसाठी धडे लागतात ते पोरांनी ऐकावेत म्हणून सरकारने शाळेला रेडिओ दिला. फार छान! पाड्यावर वीज नाही, रेडिओ बॅटरीवर. पावसाळ्यात बॅटरी संपली. आम्ही संघटनेच्या लोकांनी अर्ज केले, मोर्चा नेला. साहेबांचं उत्तर एकच— "येते आहे." मेलेली बॅटरी मास्तरांनी डहाणूच्या कचेरीत जमा केली. फळ्याखाली नुसता पोकळ डबा उरला.

दिवाळीनंतर गवताचा हंगाम. गवताच्या वखारीला स्वस्त हात लागतात आणि पोरांचे हात सगळ्यांत स्वस्त! वखारीचा मुकादम पाड्यावर फिरू लागला. त्याचा डोळा जेठीवर होता. जेठी म्हणजे बारक्याची मुलगी. चौथीपर्यंत पोचलेली पाड्यातली पहिली पोर.

"बंद डब्यासमोर बसून काय शिकते रे ती? वखारीत धाड," मुकादम बारक्याला म्हणायचा. बारक्या डळमळायला लागला होता. त्याच्या ओट्यावर बसून मी रोज भांडत होतो.

अशात एका दुपारी मी शाळेत शिरलो. मास्तर पाण्याला गेलेले. पोरं रेडिओपुढे चिडीचूप बसलेली… आणि एकदम सगळी खदखदून हसली. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

"काय चाललंय?"

"गप ना भाऊ, बाई सांगते," जेठी म्हणाली.

मी चिडलो. डबा फिरवला, मागचं झाकण काढलं. बॅटरीच्या जागी कोळ्याचं जाळं! मग जेठीला शाळेमागे नेऊन विचारलं, आणि आत येऊन लहानग्या लखम्याला वेगळं विचारलं. दोघांचं सांगणं एकच— एक बाई बोलत होती. कुठल्याशा देशात कापसासारखा पाऊस पडतो, पाणी दगड होतं, कुत्री गाडी ओढतात. मध्येच बाईला ठसका लागला आणि ती म्हणाली, "माफ करा हं, मुलांनो."

हसू त्याचंच आलं होतं. शिकवणारं माणूस पोरांची माफी मागतं, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

पुस्तकात वाचलं असेल, मी म्हटलं. मास्तर परतल्यावर त्यांना विचारलं. असा धडा पुस्तकात नव्हता.

त्याच आठवड्यात डहाणूला गेलो होतो. स्टेशनबाहेरच्या हॉटेलात चहा पीत होतो, रेडिओ चालू होता. शाळांचा कार्यक्रम लागला. बर्फाचा देश. कुत्र्यांची गाडी. आणि मध्येच बाई ठसकल्या…

"माफ करा हं, मुलांनो."

नंतर मुंबईच्या मित्राला आकाशवाणी केंद्रावर चौकशी करायला लावली. तो धडा मी हॉटेलात ऐकला त्याच दिवशी पहिल्यांदा वाचला गेला होता, पोरांनी ऐकल्यानंतर. बाई माइकसमोर बसूनच वाचत होत्या. आधीचं काही ध्वनिमुद्रण नव्हतं.

इकडे मुकादमाला या प्रकाराचा वास लागलाच. मी डहाणूहून पाड्यावर परतलो तर शाळेपुढे सगळी माणसं गोळा झालेली.

"शाळेत भूत शिरलंय! बारक्या, पोर भुताच्या तोंडी देतोस? त्यापेक्षा वखार काय वाईट?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. भूत नसतं हे गावोगाव सांगणारा मीच ना! मी बोलायला उठलो… आणि परत खाली बसलो.

बारक्या जेठीपुढे उकिडवा बसला.

"ती बाई मारते का गो?"

"नाय, बा."

"लाकडं आणाय लावते?"

"नाय."

"आन माफी मागली?"

"मागली ना. ठसका लागला म्हणून."

बारक्या मुकादमाकडे वळला. "तुझ्या शेठनं मागली का कधी?"

"अरे येड्या, भूत हाय ते!"

"असंल. वेठ तर मागत नाय." मग जेठीला म्हणाला, "जा, आत बस."

ती गेली. तिच्यामागून बाकीची पोरंही गेली.

चैत्रात बॅटरी आली. आता तो रेडिओ चारचौघांच्या रेडिओसारखा वाजतो, आणि बंद केला की पोरांनाही काही ऐकू येत नाही. जेठी यंदा पाचवीला वसतिगृहात गेली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं, विज्ञान शिकवणाऱ्यांना विचारलं. उलगडा कुणालाच करता आला नाही. मुकादम मात्र अजून हाटात सांगत फिरतो की त्या शाळेत भूत होतं. त्याच्या प्रत्येक खोट्यावर मी पत्रक काढलं आहे. या एकावर काढता येत नाही… आणि तेच डाचतं.