मिस्त्रीच्या विरोधात बसवलेलं मीटर

मिस्त्रीला काही कळत नाही, असं मी सासुरवाडीच्या ग्रुपवर फोटोसकट लिहून टाकलं. लिहिताना बोट जरासुद्धा अडखळलं नाही.

फोटो माझ्या गाडीच्या बोनेटखालचा होता. पेट्रोलचा दाब दाखवणारं नवंकोरं मीटर, आणि त्याचा काटा शून्यावर झोपलेला. खाली माझी ओळ : 'मिस्त्री म्हणतो पंप चांगला आहे. हा घ्या पुरावा.'

गाडी जुनी, कार्बुरेटरची. उन्हाळ्यात अमरावतीहून अकोल्याला निघालं की मूर्तिजापूरच्या आसपास ती आचके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास बाभळीखाली उभी केली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. अकोल्यातला मिस्त्री, ज्याच्याकडे मी कितीतरी वर्षं गाडी नेतो, तो नुसतं ऐकूनच म्हणाला, "सर, पंप चांगला हाय. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाले चिकटून गेली, उन्हात तिच्यात वाफ धरते. एक दिवस गाडी ठेवा, नळी दुसरीकडून फिरवून देतो."

"त्यापेक्षा पंपच बदलून टाका ना."

"चांगला पंप मी काढत नाई."

गिऱ्हाईक तयार असताना नाही म्हणणारा माणूस भेटला, की माझ्यासारख्याला आधी शंका येते. त्यात मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला. पुराव्याशिवाय काही मानू नये, हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की आता निवृत्तीनंतर ते कुणावर तरी वापरायची खुमखुमी होतीच. मोबाइलवरून मीटर मागवलं. शंभरपर्यंत आकडे असलेलं. शेजारी दहापर्यंतचंही दिसत होतं, पण घ्यायचं तर मोठंच घ्यावं, हा आमचा खानदानी बाणा.

काम सोपं होतं. पंप आणि कार्बुरेटर यांच्यामधली रबरी नळी कापायची, तिथे तीन तोंडांचा पितळी जोड घालायचा आणि तिसऱ्या तोंडाला मीटर लावायचं. अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या घरासमोर, शिकवणीला निघालेल्या पोरापोरींच्या स्कूटर चुकवत मी बोनेट उघडलं आणि नळी स्वयंपाकघरातल्या सुरीने कापली. नळीत पेट्रोल असतं, हे मला ती कापल्यावर आठवलं. शर्ट चिंब झाला. बायको दारातूनच ओरडली, "थांबा तिथंच! आधी देवापुढचा दिवा विझवते, मंग घरात या." ती सुरी पुन्हा कधी कांद्याला लागली नाही.

दुसरा शर्ट घालून मी जोड कसले, एकेक क्लिप दोनदा पाहिली आणि गाडी सुरू केली. इंजिन धडधडत होतं आणि काटा शून्यावर. पेट्रोलला दाबच नाही, तर इंजिन चालतंय कसं? हा प्रश्न आठवीतल्या पोराने विचारला असता. मला पडला नाही. मी फोटो काढत होतो.

तो फोटो तेल्हाऱ्याला माझ्या साळ्याने पाहिला, आणि इथून गंमत संपली. साळा शाळेच्या दोन व्हॅन चालवतो. माझ्याच शिफारशीवरून तो त्या दोन्ही या मिस्त्रीच्या हाती सोपवणार होता, कायमच्या. त्या भरवशावर मिस्त्रीने दुकानापुढची जागा साफ करून वर पत्र्याचं छप्परही टाकलं होतं. साळ्याचा फोन आला. "भाऊजी, असा मानूस असन तर लेकरायच्या गाड्या त्याच्या हातात कायले देऊ मी?"

"चल, त्याच्या तोंडावर विचारू," मी म्हणालो. न्यायाधीश व्हायची संधी कोण सोडतो?

रविवारी साळा तेल्हाऱ्याहून अकोल्याला आला, मी अमरावतीहून. वाटेत गाडी मूर्तिजापूरला बंद पडलीच. मला तर आनंदच झाला, पुराव्यात भर.

मिस्त्री साठीचा, किरकोळ अंगाचा, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. कुठलंही बोनेट उघडण्याआधी तो साबणाने हात धुतो. काम झाल्यावर हात धुणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिले, आधी धुणारा हा एकच. मी मीटर दाखवलं, फोटो दाखवला, फोटोखालची ओळही वाचून दाखवली. साळा नव्या पत्र्याखाली हाताची घडी घालून उभा. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि तो हात धुवायला गेला.

मग त्याने इंजिन निवू दिलं. बिडी ओढत बसलेल्या एका गिऱ्हाइकाला रस्त्यापलीकडे पाठवलं, बॅटरीची वायर काढली. माझ्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. पत्र्याच्या डब्यातून मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक जुनं मीटर काढलं, काच खरचटलेली, आकडे जेमतेम दहापर्यंत. माझं मीटर काढून ते बसवताना नळीतलं पेट्रोल त्याने बाटलीत धरलं. जमिनीवर थेंब नाही. मला माझा शर्ट आठवला.

वायर जोडली, गाडी सुरू केली. काटा उठला, साडेतीनवर गेला आणि तिथे ठाम उभा राहिला. अशा पंपाचा दाब एवढाच असतो, एवढाच असावा.

"तुमचं मीटर खोटं नाई, सर," मिस्त्री म्हणाला. "पन शंभरवाल्यात साडेतीन कुठी दिसन? कापसाचा ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर तुमी जिऱ्याची पुडी ठेवली, अन् म्हनता वजनच नाई."

मोजायची वस्तू पाहून साधन निवडावं. यावरचा प्रश्न मी दरवर्षी सहामाहीला विचारायचो, आणि चुकला की दोन्ही मार्क कापायचो.

त्या क्षणी त्याने मला सोलून काढलं असतं तरी माझी तक्रार नसती. पण तो साळ्याकडे वळून म्हणाला, "सरनं जोड मातर झकास कसले. एक थेंब गळत नाई." माझ्या सगळ्या कारभारात बरोबर असलेली ती एकच गोष्ट होती, आणि ज्याची मी चारचौघांत बदनामी केली त्यानेच ती शोधून काढली. नळीही त्याने त्याच दुपारी फिरवून दिली. मूर्तिजापूरच्या त्या बाभळीची आणि माझी त्यानंतर भेट नाही.

मी तिथेच उभ्याने ग्रुपवर लिहिलं : 'चूक माझी. मिस्त्री बरोबर.' साळ्याने ते वाचलं आणि विचारलं, "मिस्त्री, तुमाले राग नाई आला आमचा?"

"आला ना," मिस्त्री फडक्याला हात पुसत म्हणाला. "पन गाड्या लेकरायच्या हायेत. इचारून घेतलं तेच बरं केलं."

साळ्याने खिशातून दोन्ही व्हॅनच्या किल्ल्या काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या.

"गाड्या तुमच्या, मिस्त्री. फक्त एक करा, आमच्या भाऊजीले त्यायच्या बोनेटपाशी येऊ देऊ नोका."