लाल रेघ, पिवळी रेघ

वादळाचा इशारा आला तेव्हा आमच्या सिग्नल तुकडीला नागरी प्रशासनाच्या मदतीसाठी उपनगरांत पाठवलं. दोन टेकड्या, मध्ये रेडिओ लिंक. मुलुंडचं टोक माझ्याकडे, ट्रॉम्बेचं नाईक हरेश कोळीकडे. मीही नाईकच. हवालदाराची जागा एकच होती.

हरेश माहुलचा. त्याची आई डबाभर तळलेले बोंबील पाठवायची आणि अख्खा सेक्शन त्याच्याभोवती गोळा व्हायचा. मेजर साहेब माझं काम तपासताना म्हणायचे, "सावंत, कोली का काम देखो." मी "यस सर" म्हणायचो. बोंबील मात्र खायचो नाही.

काम साधं असतं. काँक्रीटच्या ओट्यात चार भोकं पाडायची, आतला चुरा फुंकून काढायचा, नाहीतर बोल्ट पकड घेत नाही, अँकर बोल्ट ठोकायचे, वर कॅबिनेट बसवून समोरासमोरचे नट आवळायचे. आमच्या सेक्शनची एक पद्धत होती. प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची रेघ ओढायची. बोल्ट सैल झाला की रेघ तुटते. ज्याचं काम त्याचा रंग. हरेशचा लाल, माझा पिवळा. डिशचा खांब कॅबिनेटलाच जोडलेला, त्यामुळे ते केसभर हललं तरी लिंक डळमळते.

त्या सकाळी दोघेही बोल्ट ठोकत होतो. सेटवर हरेशचा आवाज आला.

"काय सावंत, झालं का? की मुहूर्त बघतोयस?"

"तुझ्याआधी होईल रे."

झालंही. एका भोकातला चुरा मी तसाच ठेवला होता.

दुपारी वारा चढला आणि लिंक डळमळू लागली. अशा वेळी आधी आपलं टोक बघायचं, मग बोलायचं, हा नियम. सेटवर हरेश आला; तो अल्फा, मी ब्राव्हो.

"ब्राव्हो, अल्फा. लिंक हलतेय. तुझे बोल्ट बघितलेस? ओव्हर."

मी शेल्टरमध्ये होतो. जागचा उठलो नव्हतो. मला तो चुरा आठवला. मेजर साहेबांचा चेहराही आठवला.

"बघितले. माझ्याकडे ओके. ओव्हर."

"मग माझंच असणार. बघून येतो, यार. आउट."

तो बाहेर पडला आणि वरून दरड आली.

त्याचा सेट गप्प झाला, तेव्हा मी माझ्या कॅबिनेटकडे गेलो. एक अँकर बोटभर वर आला होता. पिवळी रेघ तुटली होती. मी बोल्ट काढला, भोक साफ केलं, नवा ठोकला, नवी रेघ ओढली. चौकशीत माझं टोक ठीक निघालं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉम्बेला गेलो. हरेशचा मृतदेह बाहेर काढला होता. चिखलात त्याचं कॅबिनेट ताठ उभं होतं. चारही लाल रेघा अखंड. खोटं कशाला सांगू, तेव्हाही माझ्या पोटात दुखलं. साहेब त्या रेघांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. माझ्या कामासमोर ते कधी असे थांबले नव्हते.

हवालदार मी झालो.

आता निवृत्त आहे. अंधेरीतल्या एका कंपनीसाठी रस्त्याकडेची कॅबिनेटं बसवून घेतो. पोरं कुरकुरतात, "काका, चुऱ्याने काय होतं?" मी भोक पुन्हा साफ करायला लावतो. कारण सांगत नाही.

गेल्या महिन्यात माहुलला गेलो. हरेशची आई ओटीवर सुकट निवडत होती. उभ्यानेच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"तो म्हणायचा, सावंत बोलला म्हणजे बघायला नको."

मग ती पुन्हा निवडू लागली. मला बस म्हणाली नाही. दारावर गणवेशातला त्याचा फोटो होता, ताज्या हारातला. निघताना मी त्याला सॅल्यूट केला.

नाईक हरेश कोळी, सिग्नल्स. त्याचं टोक शेवटपर्यंत ओके होतं.