मला न दिलेली पानं

जामखेडच्या आमच्या वाचनालयात बहुतेक पुस्तकांची एकच प्रत असते, म्हणून आम्ही चौघं ती वाटून वाचतो. एकाने आठवडाभरात पन्नासेक पानं वाचायची, रविवारी इतरांना सांगायची आणि पुस्तक पुढच्याकडे द्यायचं. ग्रंथपालबाई, एसटीतले निवृत्त कंडक्टर, कन्याशाळेतल्या मॅडम आणि मी. यंदा ज्यूंच्या छळछावणीवरची एक अनुवादित कादंबरी घेतली होती.

शेवटाकडे आलो तेव्हा पाळी माझी होती. पण मॅडम म्हणाल्या, "सर, हा भाग मी घेते, तुम्ही पुढचा घ्या." आठवड्याने त्यांनी ती पन्नास पानं दोन वाक्यांत उरकली. युद्ध संपतं. नायिका गावी परतते.

"मॅडम, ही तर विनाथांबा गाडी झाली," कंडक्टर म्हणाले.

पुस्तक माझ्याकडे आलं. घरी मी आधी तीच पानं वाचली. नायिका बहिणीला शोधत फिरते. बहीण गेली एवढंच समजतं. कुठे, कधी, ते नाही. मॅडमनी पुढची पानं आधीच चाळली असणार; हा भाग मागून का घेतला आणि हे का गाळलं ते लक्षात आलं. माझी पत्नी कोरोनात नगरच्या दवाखान्यात वारली आणि मला तिचा चेहराही पाहता आला नाही. तेव्हापासून ही तिघं माझ्यासमोर दवाखान्याचा विषयसुद्धा काढत नाहीत. मला जपण्यासाठीच ते. पण तिच्याविषयी बोलावं असं माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माझा भाग बाजूला ठेवून गाळलेला सांगितला. मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या.

"तिथी म्हाईत नसंल तर सर्वपित्रीला घालायचं," कंडक्टर म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"अहो, त्यांच्यात पित्रं असतात का?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग काय करत्यात?"

"ती एक दिवस ठरवून दिवा लावते," मी म्हणालो. "मला तारीख माहीत आहे, दाखल्यावर आहे. पण मी हिला शेवटचं पाहिलं ते ॲम्ब्युलन्समध्ये चढताना."

"सर, राहू द्या ना," मॅडम हळूच म्हणाल्या.

"राहू कशाला द्या? बोलू द्या त्यांना." कंडक्टर माझ्याकडे वळले. "सर, आत डबा देऊ देत हुते का?"

देत होते, मी सांगितलं. गेटवरचा माणूस झाकणावर नाव लिहायचा. शेवटच्या दिवशी गवारीची भाजी आणि एक भाकरी दिली होती.

"खाल्ली का वहिनींनी?"

नाही, मी म्हणालो. डबा तसाच परत आला होता, झाकणावर तिचं नाव.