ते आईसाहेबांच्यासाठी सांगितलंय

माझ्या आईला कुत्र्याच्या कडीला बांधलं होतं.

ताराबाई पार्कातला बंगला. गेटच्या आत भिंतीला लोखंडी कडी. पाहुण्यांच्या गर्दीत कुत्र्याला त्रास नको म्हणून त्याला एसीच्या खोलीत नेलेलं. त्याच्या जागी माझी आई. मनगटाला सुतळी. अनवाणी. टळटळीत ऊन.

मी आत हॉलमध्ये आईसाहेबांना भरवत होते. त्या घरच्या थोरल्या बाई. त्यांना सांभाळायचं काम माझं. त्या दिवशी त्यांची पंच्याहत्तरी होती. आईसाहेबांना डिमेन्शिया. माणसं विसरायच्या, जेवलेलं विसरायच्या. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी जावयाच्या शर्टावर ओतली होती. सगळे हसले. जावई पण हसला. "लहान झाल्यात आमच्या आईसाहेब," म्हणाला.

तेवढ्यात सूनबाई, आम्ही त्यांना वहिनीसाहेब म्हणायचो, माझ्या कानाशी आल्या.

"तुझी येडी आई आलीय गेटवर. वॉचमननं बांधून ठेवलीय. पाहुणे जाईपर्यंत असू दे तिथंच."

माझ्या आईलाही तोच रोग. आमच्या सदर बाजारात त्याला नाव नव्हतं. येड लागलंय, एवढंच. पोरं मागनं ओरडायची. दुकानदार हाकलायचा. मी कामावर असताना शेजारच्या काकी तिच्याजवळ बसायच्या. त्या दिवशी काकी कुरुंदवाडला मयतीला गेलेल्या. आईनं दार उघडलं आणि पाय नेतील तशी चालत आली. उभा जन्म तिनं याच बंगल्यात भांडी घासली होती. माझं नाव विसरली, मला कधी 'बाई' म्हणायची, कधी 'पावणं'. पण रोज संध्याकाळी उठून बसायची. "बंगल्यावरची भांडी पडल्यात की गं."

मला विसरली. त्यांची भांडी विसरली नाही. याचा मला किती जाळ व्हायचा, कसं सांगू?

मी आईसाहेबांवर जळत होते. खोटं कशाला बोलू. त्यांना संडास सापडावा म्हणून त्याच्या दाराला पिवळाधमक रंग दिलेला. पडू नयेत म्हणून जागोजागी धरायला दांडे. दुपारी जुनी गाणी. 'साहेब कधी येणार?' असं त्या परत परत विचारायच्या. साहेब म्हणजे त्यांचे यजमान, त्यांना जाऊन किती वर्षं झालेली. तरी घरातला प्रत्येकजण मऊ आवाजात सांगायचा, "येतील हं, तुम्ही चहा घ्या." मी त्यांच्या डोक्याला तेल चोळायचे आणि मनात म्हणायचे, हे डोकं माझ्या आईचं का नाही. घरी जाईपर्यंत माझे हात मेलेले असायचे. चांगली बाई होती ती. माझ्या हाताला धरून हसायची. तरी जळायचे.

घास हातात तसाच. मी उठले. म्हटलं, "वहिनीसाहेब, बांधायचं न्हाय म्हणून डॉक्टरनी सांगितलंय. तुमच्यासमोर सांगितलंय. बांधलं की माणूस आणखी बिथरतंय."

त्या चक्रावल्या. खरंच चक्रावल्या. मग म्हणाल्या,

"अगं, ते आईसाहेबांच्यासाठी सांगितलंय."

रागानं नाही. साध्या आवाजात. एकाचं औषध दुसऱ्याच माणसाला द्यायला निघाल्यासारखी मी, आणि त्या मला सावध करतायत.

तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. भीती असावी.

मी गेटवर गेले. सुतळीची गाठ घट्ट बसलेली, दातानं तोडली. आईच्या मनगटावर लाल वळ. "पावणं, भांडी कुठं हायत?" तिनं विचारलं. मी तिला मागच्या दारानं नेलं नाही. पुढच्या दारानं, पाहुण्यांच्या मधनं, हॉलमध्ये आणलं. आत येताच ती उष्टी ताटं गोळा करायला लागली. एका बाईनं तर आपलं ताट पुढं केलं. मी ते आईच्या हातातनं काढून त्या बाईच्या समोर परत ठेवलं. आईला आईसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. ताट वाढलं. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. कुणी कुणाला ओळखलं नाही.



"उद्यापासून येऊ नकोस," वहिनीसाहेब म्हणाल्या.

"उद्याचं ऱ्हाऊ द्या. आत्ता ती जेवणार हाय."

ती जेवली. सावकाश. मी घाई केली नाही.

काम गेलं. आता मी एका खानावळीत चपात्या लाटते. सरकारी दवाखान्यात आईला नेलं, तिच्या रोगाचं नाव डॉक्टरकडनं मोठ्यानं वदवून घेतलं आणि गल्लीत घरोघरी जाऊन सांगितलं. तेव्हा कळलं, तीन घरांत अशीच माणसं कोंडून ठेवलेली. एक हमाल, एक शिंपीण, एक बँडवाला. लाजेनं कोंडलेली. कामावर जाताना दुसरं करणार काय, म्हणून कोंडलेली.

माझं जळणं गेलेलं नाही. जाऊही नये. आईसाहेबांचं काही काढून घ्यायचं नाही मला. त्यांना मिळतं ते सगळं बरोबरच आहे. म्हणूनच तेवढंच माझ्या आईला पाहिजे. दया म्हणून नको.

वॉर्डातल्या बंद शाळेची एक खोली रिकामी पडलीय. दिवसभर ही माणसं तिथं बसतील, कुणीतरी त्यांना बघेल. महापालिकेनं खोलीसाठी आमचा अर्ज घेतला, पण तिथले साहेब भेटत नाहीत. सोमवारी आम्ही चारी घरं जाणार. म्हाताऱ्यांना संगं घेऊन. साहेबांच्या दारातच बसवणार. ती तेच तेच विचारतील, ओरडतील, धोतरा-लुगड्यात मुततील. बघू दे सगळ्यांना.

खोलीची किल्ली हातात पडल्याशिवाय उठणार नाही.