मैदानातला भराव कुणाचा?

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि पाठोपाठ दातओठ खावेसे वाटतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आरोपीने स्वतःहून माईक हिसकावून, तोही सत्काराच्या स्टेजवर, सगळं सांगून टाकल्याचा प्रकार एकदाच पाहिला. नावं सांगणार नाही. गाव नंदुरबार जिल्ह्यातलं, शहाद्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. ओळखून रागावले तरी माझी हरकत नाही.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत डोकं घालून बसला होता. तेवढ्यात एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून आत आली आणि टेबलासमोर उभी राहिली.

"दादा, लिखी ल्या. मन्ही पोरले कोन्ही तरी जहर दिन्हं."

अंमलदाराने मुलीकडे पाहिलं. मुलगी बिस्किट खात होती.

"जहर दिलं असतं तर अशी बिस्किट खात उभी राहिली असती का, माय?"

"रोज थोडं थोडं दिन्हं ते मानूस एकदम मरस का रे भाऊ?"

हे वाक्य केबिनमध्ये माझ्या कानावर पडलं आणि मी उठून बाहेर आलो. फिर्याद द्यायला आलेला माणूस रडत असेल तर त्याला पाणी द्यावं. भांडत असेल तर खुर्ची द्यावी. मी खुर्ची दिली.

बाईंचं म्हणणं असं. मुलीचं पोट सारखं दुखायचं, तोंड पांढरं पडलं होतं, चालता चालता अडखळायची, काल शिकलेलं आज विसरायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त बाहेर तपासायला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. जुन्या बॅटऱ्यांत असतं तेच शिसं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, मुलगी खेळते कुठे?

"घरना मांगे मैदान शे, तठे खेळस," बाई मला म्हणाल्या. "मातीनी चूल करस, मातीन्या भाकरी करस. गल्लीमा आखो पोरेसनं पोट दुखस. मी आरोग्यवालाकडे गऊ, तो म्हने पालिकामा जा. पालिकावाला म्हने, माती तपासानं काम आमनं नई. मंग मी आठे उनू."

अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, हे आपल्या हद्दीत येतं का?"

"मैदान आपल्या हद्दीत आहे ना?" मी विचारलं. "मग त्याची मातीही आपल्या हद्दीत."

मैदान पाहायला मी साध्या वेशात गेलो. चांगलं सपाट, काळंभोर. इथेच गंमत आहे. कापसाच्या मुलखात काळ्या मातीचा संशय कुणाला यावा? काळी माती म्हणजे लक्ष्मी! आयाबायांनी ती घमेल्यांतून घरी नेऊन तुळशीला घातली होती. मी मूठभर उचलली तर हाताला वाजवीपेक्षा जड लागली. त्यात बॅटरीच्या डब्यांच्या प्लॅस्टिकचे तुकडे होते आणि खरखरीत राखाडी खडे होते. ती माती नव्हतीच. भट्टीतून निघालेली घाण होती, वर थोडी माती लावून निजवलेली.

पंचांसमक्ष नमुने घेतले, सील केले, प्रयोगशाळेला पाठवले. अहवाल आला. शिसं इतकं, की फोनवर बोलणारे प्रयोगशाळेतले साहेब दोनदा म्हणाले, "तिथे मुलं खेळतात?"

आता प्रश्न उरला, हे टाकलं कुणी? आणि सगळं त्याच्यावरच अडलं होतं. पालिकेचे अधिकारी म्हणाले, "ज्याने टाकलं त्याच्या खर्चाने उचलू. कुणी टाकलं ते सिद्ध करा." सिद्ध होईपर्यंत माती तिथेच. मी फाटकाला कुलूप लावून घेतलं आणि 'सुशोभीकरणासाठी बंद' अशी पाटी टांगली. पोरांना पाटी म्हणजे आमंत्रण. ती भिंतीवरून उड्या मारायची. शेवटी त्या बाईच पऱ्हाटीची काठी घेऊन भिंतीपाशी बसायला लागल्या. टाकणारा सावध होईल, म्हणून अहवालाबद्दल इतक्यात कुणाला सांगू नका, एवढं मी त्यांना विनवलं होतं.

गल्लीत चौकशी केली तर सगळ्यांची स्मरणशक्ती एकाच वेळी गेलेली. "माले नई माहित." "पहिलापासूनच तशी शे." फक्त फाटकाच्या खांबावर चार भोकं होती, पाटी उखडल्याची, अजून न गंजलेली.

संशय एकाच माणसावर होता. गावातले भंगाराचे मोठे व्यापारी. त्यांना शेठ म्हणू. गावाबाहेर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात, अशी खबर होती. आम्ही पोहोचलो तेव्हा शेड झाडून पुसून स्वच्छ. चक्क गायी बांधल्या होत्या. गायींनाही तिथे आपण कशासाठी आहोत ते कळत नव्हतं.

शेठना चौकशीला बोलावलं. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, बोटांत अंगठ्या.

"भट्टी? कथानी भट्टी, साहेब? मी लोखंड लेस, लोखंड इकस."

"मैदानात भराव कुणी टाकला?"

"माले काय माहित? पालिकाले इचारा."

तीन तऱ्हांनी विचारलं, तिन्ही वेळा तेच उत्तर. मी कंटाळून गप्पांकडे वळलो. स्टँडवरचा बाक बरा आहे हो, म्हटलं. "मीच दिन्हा." देवळाची कमान? "मन्हीच." स्मशानातलं पत्र्याचं छप्पर? "तेबी मन्हंच, साहेब. सर्वासले एक दिन तठेच जानं शे."

मी वहीत काही लिहीत नव्हतो, पण मनात घंटा वाजत होती. या माणसाने गावातल्या प्रत्येक वस्तूवर आपलं नाव रंगवून घेतलं आहे. आणि गावातली एकच गोष्ट याची नाही, ते मैदान? खांबावरची ती चार भोकं माझ्या डोळ्यांपुढे नाचायला लागली.

मी त्यांना चहा पाजून, हात जोडून, त्यांच्या जीपपर्यंत सोडायला गेलो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, साहेब गार पडले. मला तेच हवं होतं.

मग मी गेलो एका केळीच्या व्यापाऱ्याकडे. तापीकाठचा गुजर शेतकरी माणूस, मिशीत हसणारा. शेठचं आणि त्याचं कुत्र्या-मांजराचं सख्य साऱ्या गावाला ठाऊक. त्याला सगळं खरं सांगितलं. त्याने पोरांचं ऐकून आधी तोंड कडू केलं, मग डोळे मिचकावले.

"म्हंजे मैदान मी करं, असं म्हनी मन्हा सत्कार? फुकटमा?"

"फुकटात."

"शाल बी व्हई ना साहेब?"

"शाल, नारळ, फेटा."

"मंग मी कवयबी तयार!"

नवरात्राचा मांडव त्या मैदानाला लागूनच पडला होता. मंडळाच्या अध्यक्षांना मी विश्वासात घेतलं. आरती झाली आणि अध्यक्षांनी घोषणा केली की, ज्यांच्या उदार हातांनी आपलं मैदान भरून सपाट झालं आणि आता ज्यांचं नाव नव्या फाटकावर लागणार आहे, ते आपले केळीवाले दादा! गर्दीत कुजबुज उठली. ज्यांची स्मरणशक्ती गेली होती ते एकमेकांकडे पाहू लागले. केळीवाल्याने फेटा असा काही डोलवला, की माझ्या जागी कुणी असता तर खरंच त्यालाच दाता मानला असता. मी मागे शेंगदाणे खात उभा होतो, साध्या वेशात, दोन शिपायांसह.

शेठ पहिल्या रांगेत होते. शाल खांद्यावर पडली तेव्हा त्यांनी मान फिरवली. नारळ हातात गेला तेव्हा ते उठले. आणि केळीवाला "हाई मैदान मन्हा जीवना तुकडा शे" असं म्हणाला मात्र, शेठ स्टेजवर होते.

"खोटं शे!" त्यांनी माईक ओढला. "केळाना घड उचलनारा हाऊ काय मैदान भरई? बठ्ठा भराव मन्हा शे! मन्ही भट्टीनी राख, मन्हा ट्रॅक्टर, मन्हा मानसे! पाटीबी मन्हीच व्हती! इचारा कोन्हालेबी!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! चारसहा जण मोबाईलवर चित्रण करत होते. शेठनी हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला.

बायकांच्या बाजूने त्या बाई उठल्या. मुलगी कडेवर होती. इतके दिवस दाबून ठेवलेला आवाज त्यांनी मोकळा केला.

"आईकं ना सर्वासनी? त्याच राखमा आपला पोरे खेळनात. मन्ही पोरना रगतमा तेच जहर शे. आते वाजाडा टाळ्या!"

मी शेंगदाण्याची टरफलं झटकली आणि स्टेजकडे निघालो. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे शेठना त्यांच्या वकिलाने पढवलं होतं. पण मोकळ्या माणसाने भरल्या मांडवात केलेली फुशारकी ऐकायला साक्षीदार अख्खा गाव होता. माणूस पाप पोटात ठेवू शकतो. केलेलं दान दुसऱ्याच्या नावावर गेलेलं त्याला पचत नाही. या एका गोष्टीवर मी पुढे आणखी दोन प्रकरणं उलगडली.

पुढचं सरळ होतं. ट्रॅक्टरचालकाचा जबाब झाला, त्याने दाखवलेल्या दुसऱ्या शेडवर छापा पडला, बॅटऱ्या जप्त झाल्या. मग फोन सुरू झाले. "प्रतिष्ठित माणूस आहे." "बदली होईल." मी म्हणालो, "कुठे करता? सातपुड्याच्या पायथ्याशी मी आधीच आहे. याच्या पुढे नर्मदा, होडी आणि गुजरात."

पण खरी लढाई त्यानंतर झाली. माती उचलायच्या दिवशी पालिकेने जेसीबी आणला, वरची वीतभर माती खरवडली आणि मुरुमाचे ट्रॅक्टर आत घ्यायला लागले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वरून मुरूम पसरतो, साहेब. दबाई करतो. दिसणारसुद्धा नाही."

त्या बाई मैदानात उतरल्या आणि जेसीबीच्या तोंडापुढे उभ्या राहिल्या.

"झाकाना नई. काढाना."

"बाई, बाजूला व्हा, गुन्हा दाखल होईल," पालिकेचा माणूस म्हणाला, आणि आशेने माझ्याकडे पाहिलं.

मी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. वर्दीत. गल्लीतल्या बायका एकेक करून उतरल्या. ज्यांना काही आठवत नव्हतं त्याही उतरल्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. वरिष्ठ होते.

"आरोपी मिळाला, आता तिथे काय करताय? बाहेर या."

"हॅलो? हॅलो? साहेब, खड्ड्यात आहे, रेंज नाही," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

जेसीबीने पुन्हा दात खाली घातले. "खाले. आखो खाले," बाई सांगत होत्या आणि यंत्र खाली जात होतं. पिवळा मुरूम लागेपर्यंत गेलं. तळाचे नमुने घेतले, सील केले, आणि ते स्वच्छ येईपर्यंत फाटकाची चावी मी पालिकेला न देता बाईंच्या हातात ठेवली. असं करण्याचा मला अधिकार नव्हता. खुलासा मागवला गेला, मी लिहून दिला. बदलीही झाली.

मुलीचं पोट दुखायचं थांबलं. अडखळणं कमी झालं. पण पाठांतर अजून तिला जड जातं. अंगात गेलेलं शिसं सहजी निघत नाही, आणि जे नुकसान झालं ते कोणताही जेसीबी खरवडून काढू शकत नाही. खटला चालू आहे. मी आता निवृत्त झालो, तरी तारीख पडली की स्वतःच्या खर्चाने जातो आणि साक्षीदारांच्या बाकावर बसतो. शेठचे वकील भेटले की काळजीने विचारतात, साहेब, या वयात कशाला एवढा प्रवास?

नोकरीभर मी समजत होतो की आरोपी पकडला की तपास संपला. तसं नाही. विषाचा मालक सापडला तरी विष जागेवरच असतं, आणि ते झाकून टाकायला मुरुमाचा ट्रॅक्टर फाटकाशी तयार उभा असतो. त्या ट्रॅक्टरपुढे उभं राहणं हेही पोलिसाचं काम आहे. नियमावलीत ते नाही, हे मला माहीत आहे. नियमावली लिहिणाऱ्यांची पोरं त्या मैदानात खेळत नव्हती.