तोंड झाकून बोलणाऱ्या बाई

आमच्या बाई तोंडावर हात आडवा धरून बोलायच्या. सडक अर्जुनीच्या बसथांब्यावर कंडक्टरशी भांडतानासुद्धा हात ओठांसमोरच. नवख्या माणसाला वाटायचं, बाई लाजाळू असतील, नाहीतर दात पुढे असतील. लाज नावाची वस्तू बाईंकडे नव्हती आणि दात चांगले सरळ होते. बहिऱ्या लेकरांना ओठांकडे न बघता नुसत्या कानानं ऐकायला शिकवणं हे त्यांचं काम होतं. दिवसभर तेच करून हाताला सवय जडली होती.

माझी खुशी जन्मापासून बहिरी. ती तीन वर्षांची असताना नागपूरला ऑपरेशन करून तिच्या कानात आतून यंत्र बसवलं. सरकारी योजनेतून झालं, ते उपकार मी नाकारत नाही. पण ऑपरेशन झालं की पोरगी बोलेल, असं आम्हाला झाडून सगळ्यांनी सांगितलं आणि ऐकणंही शिकवावं लागतं हे एकानंही सांगितलं नाही, याचा राग मला आजही आहे. त्या यंत्राला आवाज पोचवणारं कानामागचं बाहेरचं मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी सासूबाई पेढे घेऊन बसल्या होत्या. आवाज आत गेला तशी खुशी किंचाळून रडली आणि तिनं मशीन ओरबाडून काढलं. पेढे न वाटताच आम्ही घरी परतलो.

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं? एवढं महागाचं मशीन चिखलात पडेल, घामानं बिघडेल म्हणून साडीत गुंडाळून आलमारीत ठेवलं. पाहुणे आले की लावायचं, गेले की काढायचं. आठवड्यातून एकदा बाईंच्या सरकारी केंद्रात नेताना मात्र आठवणीनं लावायचं. बाईंना संशय आला. ऐन धानाच्या रोवणीत त्या थेट आमच्या शेतात, बांधीवर हजर झाल्या, चपला हातात घेऊन, चिखलाच्या धुऱ्यावरून घसरत.

"मशीन कुठं हाय?"

"घरी जपून ठेवलं जी," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

"म्हणजे आलमारी ऐकून राहिली न माय, पोरगी नाही! कायले जपून ठेवता? तिच्या लग्नात देता काय?"

सासूबाई तिथंच रडल्या. आठ दिवस त्यांनी घरात बाईंचं नाव काढू दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाला बाई जरा जास्तच बोलल्या, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. पण त्या दिवसापासून डोळा उघडला की मशीन कानावर आणि झोपतानाच खाली, हा नेम झाला. आणि तो मोडला तर घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाईच.

बाईंची शिकवणी म्हणजे एक स्टीलचा डबा आणि मूठभर चिंचोके. खुशीच्या मागे बसून त्या कधी 'आ' म्हणायच्या, कधी 'ऊ', कधी 'श'. आवाज आला की तिनं चिंचोका डब्यात टाकायचा. कित्येक आठवडे चिंचोका मुठीतच राहिला. न राहवून मी हळूच खूण केली की बाई माझ्यावर डाफरायच्या, "तू काऊन परीक्षा देऊन राहिली? तिले देऊ दे." मी कंटाळले की त्यांचं एक ठरलेलं बोलणं असायचं. "धान पेरून कोणी झोपते काय? रोवा लागते, निंदा लागते. ऑपरेशन म्हणजे नुसती पेरणी झाली." आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या शेतकऱ्याची लेक ती, नागपुरात शिकून मुद्दाम परत आलेली.

एकदा थांब्यावर ट्रकनं कर्कश हॉर्न दिला आणि खुशी दचकून मला बिलगली, रडायला लागली. मी तिला गप्प करायला गेले तर बाईंनी मलाच अडवलं. "रडू दे. आजवर या रस्त्यावरची एक बी गाडी तिच्यासाठी वाजली नव्हती." हे बोलताना त्यांचा हात तोंडावरून डोळ्यांकडे गेला. पुढे काही महिन्यांनी पाठीमागून आलेल्या बाईंच्या "अजून एक डाव" या फर्मानाला खुशीनं उत्तर दिलं, "नको." तिचा पहिला शब्द. बाई खूश. "भांडूनच सुरुवात केली. कामाची हाय पोरगी!"

अशा बाईंना ठेवलं होतं कसं, तर कंत्राटावर. अकरा महिने झाले की घरी, मग कुणाची मर्जी झाली की नवा कागद. गेल्या वर्षी कागद आलाच नाही. केंद्रात पाच लेकरं होती, त्यातल्या एकाचं मशीन जेमतेम महिन्याभरापूर्वी सुरू झालेलं. लहानपणाची ही वर्षं निघून गेली की कान पुढं शिकत नाही, हे बाईंनी आम्हाला शंभरदा बजावलं होतं; ज्यांनी सही करायची त्यांना कुणी बजावायचं? शेवटच्या दिवशीही बाईंनी आम्हा आयांना झापलंच. "मी नाही म्हणून ढिल्या पडसान तं याद राखा!" एवढं बोलून वळल्या आणि चालू लागल्या. त्या आता रायपूरला खासगी दवाखान्यात आहेत.

केंद्राच्या खोलीला कुलूप लागलं. आम्ही पाचही आया अर्ज घेऊन गोंदियाला सही करणाऱ्या साहेबांकडे गेलो, खुशी सोबत होतीच. साहेबांनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं. तिनं दोन्ही ठणठणीत सांगितलं. साहेब खूश झाले. "अरे वा, ये तो बढ़िया बोलती है! मग आता बाई कशाला पाहिजे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नुकतंच मशीन लावलेलं ते लेकरू शेजारी आईच्या मांडीवर बसलं होतं, त्याच्याकडे साहेबांनी पाहिलंसुद्धा नाही. मी तोंड उघडणार इतक्यात खुशीनंच विचारलं, "बाई कधी येनार?"

साहेब हसले. खणातून एक चॉकलेट काढून तिच्यापुढे ठेवलं आणि फाइलीत मान घातली.

खुशीनं चॉकलेट घेतलं नाही. साहेबांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं असावं तिला. टेबलाला अगदी चिकटून उभी राहिली आणि आधीपेक्षा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून तिनं पुन्हा विचारलं, "बाई, कधी, येनार?"